आच्छादक खडक आणि दाबाची मर्यादा

औष्णिक वीजकेंद्रे, सिमेंटच्या भट्ट्या आणि पोलादाचे कारखाने यांतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हवेत न सोडता पकडायचा, दाबून दाट करायचा आणि जमिनीखाली किलोमीटरभर किंवा त्याहून खोल असलेल्या सच्छिद्र खडकात कायमचा कोंडून ठेवायचा, या योजनेचे यश अखेर खडकाच्या एका थरावर अवलंबून असते. वायू ज्या वालुकाश्मात किंवा चुनखडकात भरला जातो त्या साठवण-खडकावर पसरलेला आणि द्रव व वायू यांना जवळजवळ वाट न देणारा हा थर म्हणजे आच्छादक खडक. तेलक्षेत्रात काम करणारे त्याला ‘कॅप रॉक’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी तो शेल किंवा पंकाश्म असतो, म्हणजे समुद्रतळावर अथवा सरोवरात साचलेल्या अतिसूक्ष्म चिखलाचा, वरच्या थरांच्या भाराखाली दबून झालेला खडक. काही ठिकाणी त्याची जागा मिठाच्या जाड थराने घेतलेली असते. या आच्छादनाविषयी दोन टोकाची मते मांडली जातात. निसर्गाने तेल आणि नैसर्गिक वायू कोट्यवधी वर्षे अशाच खडकांखाली राखून ठेवले आहेत, तेव्हा प्रश्न मिटलेलाच आहे, असे एका बाजूचे म्हणणे. आणि कोणताही खडक केव्हा ना केव्हा झिरपणारच, तेव्हा ही सारी योजना म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या माथी मारलेला धोका आहे, असे दुसऱ्या बाजूचे. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच गृहीत आहे, ते असे की अभेद्यता हा खडकाचा स्वतःचा, एकदाच ठरलेला गुण आहे. हे गृहीत चुकीचे आहे. अभेद्यता हे खडक, त्यातले पाणी, त्याखाली अडवलेला द्रव आणि त्या द्रवाचा दाब यांच्यातले नाते आहे, आणि या चार घटकांपैकी माणसाच्या हाती उरतो तो एकटा दाब. म्हणून आच्छादक खडक टिकेल की नाही हा प्रश्न जितका भूविज्ञानाचा आहे, तितकाच तो किती वायू, किती वेगाने भरायचा या निर्णयाचाही आहे.

साठवणीसाठी साधारणपणे ८०० मीटरपेक्षा अधिक खोली निवडतात, त्याचे कारण कार्बन डायऑक्साइडच्या भौतिकीत आहे. तापमान सुमारे ३१ अंश सेल्सिअसच्या आणि दाब सुमारे ७.४ मेगापास्कलच्या वर गेला की हा पदार्थ अतिक्रांतिक अवस्थेत जातो, म्हणजे द्रवासारखा दाट पण वायूसारखा प्रवाही होतो. (एक मेगापास्कल म्हणजे सुमारे १०० मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब.) या अवस्थेत त्याचे आकारमान पृष्ठभागावरच्या आकारमानाच्या एका शतांशाहूनही कमी होते, त्यामुळे थोड्या जागेत पुष्कळ साठा मावतो. परंतु इतका दाबूनही त्याची घनता घनमीटरला ६०० ते ७०० किलोग्रॅमच्या आसपास राहते, तर त्याच खडकातल्या खाऱ्या पाण्याची घनता १,००० किलोग्रॅमच्या वर असते. हलका द्रव जड द्रवात वर चढणारच, आणि तो वर जाऊन जिथे अडतो तो आच्छादक खडकाचा तळ. पुढे शतकानुशतके या साठ्यातला काही भाग खडकाच्या छिद्रांत सुटे थेंब होऊन अडकतो, काही पाण्यात विरघळतो आणि काही खनिजांशी संयोग पावून दगड होतो. पण या क्रिया सावकाश घडतात, आणि तोवरच्या काळात सारा भार आच्छादनावरच असतो.

आच्छादन वायूला अडवते ते केवळ घट्ट असल्यामुळे, ही समजूत अपुरी आहे. पंकाश्मातही छिद्रे असतात आणि ती पाण्याने भरलेली असतात. खडकाच्या आकारमानाचा दहावा भाग किंवा त्याहूनही अधिक भाग पोकळ असू शकतो. अडवणूक होते ती या छिद्रांना जोडणाऱ्या वाटा अतिशय अरुंद असतात आणि खनिजांच्या पृष्ठाला पाण्याची ओढ असते म्हणून. भिजलेल्या दाट विणीच्या कापडातून फुंकर मारली तर तेच कापड कोरडे असताना जाणारी हवा आता जात नाही, कारण धाग्यांमधले पाणी तिला वाट देत नाही. आच्छादक खडकाचे काम मुळात याच तत्त्वावर चालते. पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या सीमेवर आंतरपृष्ठीय ताण असतो, आणि अरुंद वाटेतून पाणी ढकलून आत शिरण्यासाठी वायूला त्या ताणावर मात करावी लागते. त्यासाठी लागणाऱ्या जादा दाबाला केशिका-प्रवेश-दाब म्हणतात. तो ताणाच्या सम प्रमाणात आणि वाटेच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. खोलवरच्या परिस्थितीत हा ताण मीटरला सुमारे ०.०३ न्यूटन धरला आणि वाटेची त्रिज्या १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग मानली, तर प्रवेश-दाब सुमारे ६ मेगापास्कल येतो, आणि घनतेतला फरक लक्षात घेता असा खडक तत्त्वतः दीड किलोमीटर उंचीचा वायूस्तंभ तोलून धरू शकतो. तीच त्रिज्या एक मायक्रोमीटर, म्हणजे शंभरपट मोठी झाली की ही उंची जेमतेम १५ मीटर उरते. दोन्ही खडक डोळ्यांना सारखेच घट्ट दिसतील, हाताला सारखेच लागतील, आणि तरीही त्यांतला एकच साठवणीच्या कामाचा असेल.

येथेच निसर्गाच्या दाखल्यातली पहिली त्रुटी उघड होते. नैसर्गिक वायूक्षेत्रात अडवलेला पदार्थ मुख्यतः मिथेन असतो, आणि पाण्याशी असलेला मिथेनचा आंतरपृष्ठीय ताण कार्बन डायऑक्साइडच्या ताणापेक्षा बराच अधिक असतो. म्हणजे ज्या शेलने मिथेन अडवला, त्याच शेलमध्ये शिरायला कार्बन डायऑक्साइडला कमी दाब पुरतो. शिवाय अभ्रकासारख्या काही खनिजांच्या पृष्ठावर कार्बन डायऑक्साइडच्या सान्निध्यात पाण्याची ओढ सैल पडते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. पाण्याचा पृष्ठाशी होणारा स्पर्शकोन शून्यावरून ६० अंशांवर गेला तर प्रवेश-दाब थेट निम्मा होतो. याची थोडी भरपाईही होते, कारण दाट कार्बन डायऑक्साइड मिथेनइतका हलका नसल्यामुळे त्याचा वर ढकलणारा जोर कमी पडतो, आणि केवळ स्तंभाची उंची मोजली तर दोन्हींत फार अंतर राहत नाही. पण ही भरपाई निसर्गाने सावकाश भरलेल्या साठ्याला लागू पडते. पंपाने वरून लादलेल्या दाबापुढे ती निरुपयोगी आहे, कारण तो दाब पदार्थाचा हलकेपणा पाहत नाही. जुन्या वायूक्षेत्राचे आच्छादन सिद्ध झालेले आहे असे म्हणताना ते कोणत्या पदार्थासाठी आणि कोणत्या दाबापर्यंत सिद्ध झाले आहे, हे सांगितले नाही तर ते विधान अर्धेच राहते.

तथापि केशिका-सीमा ओलांडली गेली तरी लगेच अनर्थ ओढवतो, असे नाही. वायू पंकाश्मात शिरला तरी त्या खडकाची पार्यता, म्हणजे प्रवाहाला वाट देण्याची क्षमता, इतकी कमी असते की शेकडो मीटर जाडीचा थर पार करायला त्याला मानवी इतिहासाच्या मापाने फार मोठा काळ लागतो. आणि दाब ओसरला की पाणी पुन्हा वाटांत शिरते व अडवणूक पुन्हा सुरू होते. विसरणाचेही, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंनी आपोआप पसरत जाण्याचेही, तसेच आहे. शेलमध्ये विसरणाचा वेग धरून हिशेब केला तर हजार वर्षांत तो मीटर-दोन मीटरपेक्षा फारसा पुढे सरकत नाही. या दोन्ही मार्गांनी होणारी गळती संथ आहे, आणि हा संथपणा साठवणीच्या बाजूचा फार मोठा आधार आहे.

रासायनिक झिजेविषयीची भीती याहून अधिक पसरलेली आहे आणि वरवर पाहता ती रास्तही वाटते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल तयार होते, पाण्याचा पीएच चार-पाचच्या आसपास किंवा त्याहीखाली उतरतो, आणि खडकातले कॅल्साइट, क्लोराइट, फेल्डस्पार यांसारखी खनिजे विरघळू लागतात. हे आम्ल शतकानुशतके आच्छादनाला खालून खात राहील असे चित्र त्यावरून उभे करता येते. प्रत्यक्षात विरघळलेल्या खनिजांमुळे आम्लाचा जोर तिथल्या तिथे खर्ची पडतो, आणि सुटलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह थोड्याच अंतरावर नव्या कार्बोनेट खनिजांच्या रूपाने पुन्हा साचून छिद्रे बुजवू शकतात. अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रीन रिव्हर गावाजवळ नैसर्गिक कार्बन डायऑक्साइडने भरलेले थर फार काळापासून आहेत. तेथे २०१२ साली वेधन करून आच्छादक थराचा गाभा बाहेर काढण्यात आला, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार सुमारे एक लाख वर्षांच्या संपर्कानंतरही रासायनिक बदलाची आघाडी आच्छादनात अवघी सात सेंटिमीटर शिरलेली होती. पण त्याच परिसरात क्रिस्टल गीझर या नावाने प्रसिद्ध असलेला थंड पाण्याचा कारंजा आहे. विसाव्या शतकात शोधासाठी खोदलेल्या एका विंधनविहिरीतून तो उसळतो, आणि त्याला बळ मिळते ते याच कार्बन डायऑक्साइडचे. शेजारच्या प्रस्तरभंगांच्या रेषेवर, म्हणजे जिथे खडक तुटून एकमेकांवरून सरकले आहेत तिथे, जुन्या झऱ्यांनी साचवलेले कार्बोनेटचे थर आढळतात. अखंड खडक आम्लाला लाख वर्षे पुरून उरला आणि वायू निसटला तो भेगेतून व विहिरीतून. ग्रीन रिव्हरच्या या एका परिसरात आच्छादनाच्या प्रश्नाचा गाभा आहे.

खडकाला भेग पडते कशी, याचा विचार दाबापासूनच सुरू करावा लागतो. खोलवरचा प्रत्येक खडक वरच्या थरांच्या वजनाने आणि भूपट्टांच्या बाजूने येणाऱ्या रेट्याने आवळलेला असतो. हा रेटा सर्व दिशांनी सारखा नसतो, आणि छिद्रांतल्या पाण्याचा दाब त्याच्या विरुद्ध, आतून बाहेर काम करतो. आवळणारा ताण वजा छिद्रांतला दाब यालाच परिणामी ताण म्हणतात, आणि खडक टिकतो तो याच्या जोरावर. वायू भरताना छिद्रांतला दाब वाढतो, परिणामी ताण घटतो, आणि तो एका मर्यादेखाली गेला की दोनपैकी एक गोष्ट घडते. दाब सर्वांत कमी आवळणाऱ्या ताणाच्याही वर गेला तर खडक नव्याने उकलतो. त्याआधीच, पुष्कळदा बऱ्याच कमी दाबावर, पूर्वीपासून असलेला आणि प्रतिकूल दिशेने कललेला प्रस्तरभंग घर्षण सुटून सरकतो. भरीस भर म्हणून पृष्ठभागावरून येणारा कार्बन डायऑक्साइड खोलवरच्या खडकापेक्षा थंड असतो. त्याने खडक आकुंचन पावतो आणि विहिरीभोवतीचा आवळ आणखी सैल होतो. केशिका-गळतीप्रमाणे ही उकल दाब ओसरल्यावर पूर्वस्थितीला येईलच याची खात्री नसते. मृत्तिका खनिजांनी समृद्ध, मऊ पंकाश्मात भेगा भाराखाली मिटू शकतात. क्वार्ट्झ किंवा कार्बोनेट अधिक असलेल्या कडक, ठिसूळ शेलमध्ये त्या उघड्याच राहू शकतात. आच्छादनाचा मऊपणा ही म्हणूनच उणीव ठरत नाही, आणि केवळ पार्यता मोजून जागा निवडणाऱ्यांनी ठिसूळपणाही त्याच काळजीने मोजला पाहिजे.

या प्रकरणी सर्वांत बोलका पुरावा अल्जीरियाच्या वाळवंटातल्या इन सालाह प्रकल्पाने दिला. तेथील क्रेश्बा क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बरेच असल्याने तो वेगळा काढून २००४ पासून तीन आडव्या विहिरींतून सुमारे १,९०० मीटर खोलीवरच्या वालुकाश्मात परत भरला जात होता. हा वालुकाश्म जेमतेम २० मीटर जाडीचा आणि कमी पार्यतेचा होता. त्यावरचे पंकाश्माचे आच्छादन मात्र सुमारे ९०० मीटर जाड होते. कागदावर पाहिले तर एवढ्या आच्छादनाला धोका कसला, असेच वाटावे. पण साठवण-खडक बारीक आणि चिवट असल्यामुळे भरलेला वायू दूरवर पसरेना, आणि विहिरींभोवतीचा दाब कित्येक मेगापास्कलने चढत गेला. उपग्रहावरच्या रडारने जमिनीची उंची मिलिमीटरपर्यंत मोजता येते. त्या मोजणीत विहिरींच्या वरची जमीन वर्षाला सुमारे ५ मिलिमीटरने वर येत असल्याचे दिसले. एका विहिरीवर तर हा उठाव एकसंध घुमटासारखा नसून शेजारी-शेजारी दोन फुगवट्यांचा होता. खोलवर उभी भेग रुंदावत असेल तर पृष्ठभागावर नेमका असाच आकार उमटतो, हे गणिती प्रतिमानांवरून कळते. २००९ च्या भूकंपलहरी-सर्वेक्षणातही त्याच जागी सरळ रेषेतले लक्षण सापडले. दाबाने उघडलेला भेगांचा पट्टा आच्छादनाच्या खालच्या भागात शंभर-दोनशे मीटर शिरला असावा, असा निष्कर्ष निघाला, आणि जून २०११ मध्ये अंतःक्षेपण, म्हणजे वायू खाली भरण्याचे काम, थांबवण्यात आले. तोवर ३८ लाख टन कार्बन डायऑक्साइड भरून झाला होता.

इन सालाहचा अर्थ दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीने लावला जातो. आच्छादनातून वायू पृष्ठभागापर्यंत आला नाही, तेव्हा प्रकल्प सुरक्षित ठरला, असे समर्थक म्हणतात; आच्छादन फाटले, तेव्हा कल्पनाच फसली, असे विरोधक म्हणतात. दोन्ही वाचने घाईची आहेत. आच्छादन वाचले ते त्याच्या अफाट जाडीमुळे. तोच दाब शंभर मीटरच्या थराखाली चढवला असता तर कथा वेगळी झाली असती. आणि ते उकलले ते त्याच्या अंगच्या दुबळेपणामुळे नव्हे. साठवण-खडक पचवू शकेल त्याहून अधिक वेगाने त्यात वायू कोंबला गेला, म्हणून उकलले. एका जुन्या शोधविहिरीच्या तोंडाशी २००७ साली थोडा कार्बन डायऑक्साइड आढळला होता, तोही भेगांच्या दिशेने अपेक्षेपेक्षा लवकर तिथवर पोहोचला होता. पुढे ती विहीर बुजवण्यात आली. इन सालाहमध्ये आच्छादन नापास झाले, असे म्हणण्यापेक्षा आच्छादनाकडून अवाजवी काम घेतले गेले, असे म्हणणे अधिक खरे आहे, आणि हे कळले तेही उपग्रहाने जमीन मोजली म्हणून.

याच्या उलट उदाहरण उत्तर समुद्रातल्या स्लाइपनरचे आहे. नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर बसवला, आणि त्यातून १९९६ पासून तेथे समुद्रतळाखाली सुमारे एक किलोमीटरवरच्या उट्सिरा वालुकाश्मात सुरुवातीची अनेक वर्षे दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास वायू भरला गेला. उट्सिरा हा थर विस्तीर्ण, भुसभुशीत आणि अतिशय सच्छिद्र असल्याने दाब नाममात्रच वाढला आणि वरच्या शेलवर ताण आला नाही. तेथे एक धडा मात्र मिळाला. उट्सिराच्या आत साधारण मीटरभर जाडीचे शेलचे पातळ थर आहेत, ते वायूला बराच काळ अडवतील असा अंदाज होता. १९९९ च्या पहिल्याच पुनर्सर्वेक्षणात वायू ते थर एकामागून एक ओलांडून वालुकाश्माच्या माथ्यापर्यंत पोहोचलेला दिसला. पातळ थर सलग नसतात, त्यांना छिद्रे आणि भेगा असतात, हे त्यावरून ध्यानात आले. तरीही हे गळके थर कुचकामी ठरले नाहीत. त्यांनी वायूला नऊ मजल्यांत आडवा पसरवला, त्यामुळे पाण्याशी त्याचा संपर्क वाढला आणि मुख्य आच्छादनाखालचा साठा पातळ राहिला. नॉर्वेच्याच, बॅरेंट्स समुद्रातल्या स्नोहविट येथे २००८ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात निवडलेला थर अपेक्षेपेक्षा कप्प्याकप्प्यांचा निघाला व दाब झपाट्याने चढू लागला. तेथे धोक्याची पातळी गाठण्याआधीच, २०११ मध्ये, अंतःक्षेपण दुसऱ्या थरात हलवण्यात आले. देश एक, हेतू एक, पण दोन ठिकाणी आच्छादनाचे भवितव्य त्याच्या खाली असलेल्या वालुकाश्माच्या ऐसपैसपणाने ठरले.

मार्क झोबॅक आणि स्टीव्हन गोरेलिक या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या वैज्ञानिकांनी २०१२ साली याच मुद्द्याला अधिक कडवे रूप दिले. खंडांच्या अंतर्भागातही भूकवच मुळातच सरकण्याच्या काठावर ताणलेले असते. हवामानावर परिणाम व्हावा इतक्या प्रचंड प्रमाणात वायू भरला तर लहान-मध्यम भूकंप होणे जवळजवळ अटळ आहे. आणि त्या भूकंपांनी इमारतींना धक्का बसला नाही तरी प्रस्तरभंगावर काही सेंटिमीटर सरकणेही आच्छादनाची अडवणूक मोडायला पुरेसे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याला उत्तर देणाऱ्यांनी दाखवून दिले की काठावरचा ताण मुख्यतः खोलवरच्या कठीण स्फटिकी खडकांत असतो, मऊ अवसादी थर त्यामानाने सैल असतात, आणि भूकंपप्रवण प्रदेशांतही तेल-वायूचे साठे शाबूत राहिले आहेत. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात डिकेटर येथे २०११ ते २०१४ या काळात सुमारे दहा लाख टन वायू भरला गेला, तेव्हा नोंदलेले असंख्य अतिसूक्ष्म कंप साठवण-खडकाच्या खालच्या भागात आणि त्याखालच्या स्फटिकी पायात एकवटलेले होते. वरच्या शेलमध्ये भेग पुढे सरकल्याचे चिन्ह नव्हते. पुराव्याचे पारडे उत्तर देणाऱ्यांच्या बाजूला झुकते, हे मान्य केले पाहिजे. परंतु झोबॅक-गोरेलिक यांच्या म्हणण्यातला एक भाग अबाधित राहतो, तो प्रमाणाचा. दहा लाख टनांचा अनुभव शेकडो कोटी टनांना जसाच्या तसा लागू होत नाही, कारण शेजारी-शेजारी अनेक प्रकल्प एकाच जलधारक थरात वायू भरू लागले की प्रत्येकाने वाढवलेला दाब दुसऱ्याच्या आच्छादनाखाली जाऊन पोहोचतो. वायू स्वतः काही किलोमीटरच सरकतो. दाबाची लाट दहापट दूर जाते.

निसर्गाच्या दाखल्यातली दुसरी, आणि अधिक गंभीर, त्रुटी वेगाची आहे. न्यू मेक्सिकोतल्या ब्रावो डोमखाली नैसर्गिक कार्बन डायऑक्साइड दहा लाखांहून अधिक वर्षे टिकून आहे, ही भक्कम वस्तुस्थिती आहे, आणि ती काळाविषयीची शंका पुरती दूर करते. पण ब्रावो डोम ज्या गतीने भरला ती भूवैज्ञानिक गती होती. दाब वाढला तसतसे खडकातले पाणी सावकाश बाजूला सरले. कारखान्याला तो अवकाश नसतो, त्याला दिवसाचा वायू त्याच दिवशी खाली पाठवायचा असतो. शिवाय जी आच्छादने फसली त्यांच्याखालचे साठे निघून गेल्यामुळे ती दिसतच नाहीत. आज सापडतात ती टिकलेलीच. निसर्गाने काळाची परीक्षा घेतली आहे, वेगाची घेतलेली नाही.

असे असताना आच्छादनाच्या गुणांची यादी करून परवाना देण्याची पद्धत अपुरी ठरते. अमेरिकेतल्या नियमांनुसार अंतःक्षेपणाचा दाब खडक फुटण्याच्या दाबाच्या ९० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो, आणि अंतःक्षेपण संपल्यानंतर साधारणपणे ५० वर्षे देखरेख अपेक्षित असते. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात जबाबदारी सरकारकडे सोपवण्यापूर्वी किमान २० वर्षांचा काळ धरला आहे. या तरतुदी योग्य दिशेच्या आहेत, पण फुटण्याचा दाब एकदाच मोजून कायमचा धरून चालत नाही, कारण थंड वायूने आणि बदलत्या ताणाने तो स्वतःच बदलत असतो. दाब हलका करण्यासाठी खारे पाणी बाहेर काढण्याचा उपायही सांगायला सोपा, करायला अवघड आहे. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन प्रकल्पात पाणी काढणाऱ्या यंत्रणेच्या अडचणींमुळे साठवण ठरवलेल्या उद्दिष्टाच्या बरीच मागे राहिली. त्यातही आच्छादनाचे सर्वांत कच्चे ठिकाण खडकात नसते, ते माणसाने पाडलेल्या भोकांत असते. जुन्या विहिरींचे सिमेंट आणि पोलादी नळ्या आम्लाने गंजतात. डिकेटरमध्येच एका निरीक्षण विहिरीत गंजामुळे खोलवर गळती झाल्याचे २०२४ साली उघड झाले. खडकावर लक्ष ठेवण्यासाठी खोदलेली विहीरच खडकातली वाट व्हावी, ही गोष्ट यापुढे प्रत्येक आराखड्यात जमेस धरावी लागेल.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा प्रश्न दूरचा नाही. सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला दख्खनचा बेसाल्ट कार्बन साठवणीसाठी वारंवार सुचवला जातो, कारण बेसाल्टमधले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह कार्बन डायऑक्साइडला वेगाने दगड बनवू शकतात. आइसलँडमधल्या कार्बफिक्स प्रयोगात भरलेल्या वायूचा सुमारे ९५ टक्के भाग दोन वर्षांच्या आत खनिज झाला, असे २०१६ साली प्रसिद्ध झाले. पण तेथे वायू आधीच पाण्यात विरघळवलेला होता, आणि असे पाणी वर चढत नसल्याने आच्छादनाची गरजच उरली नव्हती. त्याची किंमत म्हणून प्रत्येक टन वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. मराठवाडा आणि विदर्भ यांच्या भूमीखाली ही पद्धत गोड्या पाण्यावर चालवणे विचारातही घेता येणार नाही. उरतो तो अतिक्रांतिक वायू तसाच भरण्याचा मार्ग. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला येथे २०१३ साली ९७७ टन वायू बेसाल्टच्या थरांत अशा प्रकारे भरून पाहण्यात आला, आणि तेथे झाकणाचे काम केले ते लाव्हाप्रवाहांच्या घट्ट गाभ्यांनी. दख्खनमध्येही रचना अशीच आहे. प्रत्येक प्रवाहाचा माथा सच्छिद्र, ज्याला विहिरी खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि मधला गाभा घट्ट काळ्या पाषाणाचा. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठेकुठे तांबड्या मातीचा थर. पण काळा पाषाण थंड होताना उभ्या संधींनी चिरला गेलेला असतो, म्हणूनच महाराष्ट्रातल्या कित्येक गावांना त्यातून पाणी मिळते. खोलवर या संधी झिओलाइट आणि कॅल्साइटने बुजलेल्या असू शकतात, तसेच मांजऱ्यातली पोकळीही बुजलेली असू शकते; तेव्हा झाकण चांगले आणि भांडे लहान, किंवा भांडे मोठे आणि झाकण गळके, अशा दोन्ही शक्यता जागोजागी निरनिराळ्या राहणार. भारतीय संशोधकांनी २०२१ साली देशातल्या बेसाल्टची साठवण-क्षमता ९७ ते ३१६ अब्ज टन अंदाजली. अंदाजाची वरची कड खालच्या कडेच्या तिपटीहून अधिक असणे हेच सांगते की खालच्या थरांची मोजणी व्हायची आहे, आणि तोवर हे आकडे धोरणात जमा धरणे गैर आहे.

दाबाविषयी तर याच भूमीने जगाला धडा दिलेला आहे. कोयनेच्या धरणामागे १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयामुळे चाळवलेल्या भूकंपांचे ते जगातले सर्वांत ठळक उदाहरण मानले जाते. १०३ मीटर उंचीच्या त्या धरणातल्या पाण्याचा दाब तळाशी एक मेगापास्कलच्या आसपास, आणि कित्येक किलोमीटर खाली पोहोचेपर्यंत त्याचा अंशच उरला असणार. तरीही ताणलेल्या प्रस्तरभंगाला तो पुरला. साठवण प्रकल्पात विहिरीभोवतीचा दाब याच्या कित्येक पट चढू शकतो. संपूर्ण दख्खन कोयनेसारखा ताणलेला नाही, आणि एका खोऱ्यावरून सगळ्या पठाराला नाकारणे अन्यायाचे होईल. पण कोयनेच्या वैज्ञानिक वेधनातल्या एका विहिरीत सुमारे ९३० मीटर बेसाल्टखाली ग्रॅनाइटी पाया लागला, आणि दाब बेसाल्टच्या तळाशी थांबत नाही, तो त्या पायातल्या प्रस्तरभंगांत उतरतो. म्हणून दख्खनमध्ये कुठेही पहिला टन भरण्याआधी तेथील ताणाची दिशा आणि परिमाण खोल विहिरीत मोजलेले असावे, लाव्हाप्रवाहांच्या गाभ्यांचा प्रवेश-दाब गाभ्याच्या नमुन्यांवर तपासलेला असावा, अंतःक्षेपणाच्या आधी काही वर्षे सूक्ष्मकंपांची नोंद झालेली असावी, आणि ही सारी मोजमापे भोवतालच्या गावांना पाहता येतील अशी खुली असावीत. कऱ्हाडजवळ केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाची खोल वेधन-भूभौतिकीची प्रयोगशाळा आहे, मुंबईच्या आयआयटीत कार्बन पकड आणि वापर यासाठीचे राष्ट्रीय केंद्र आहे. या दोन्ही ठिकाणचे ज्ञान एकत्र आणून ही मोजणी सुरू करण्यासाठी एखाद्या कारखान्याच्या निकडीची वाट पाहण्याचे कारण नाही.